तोवर चालेल असा बॉयलर

माझा बॉयलर बिघडला तेव्हा मला कळलं की मी कधी मरणार हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त मला कुणी सांगितलेलं नाही.

बॉयलर म्हणजे काय, न्हाणीघरात टबाच्या वर भिंतीला टांगलेलं पांढरं पिंप. माझ्या नवऱ्यानं, वेलिझारनं, तो लावला तेव्हा आमचा देश अजून अखंड होता आणि वेलिझारच्या डोक्यावर केस होते. पुढे देशाचे तुकडे झाले, वेलिझार शहाण्णव साली गेला, पिंप मात्र लटकून राहिलं. आमच्या नेगोतीन गावचं पाणी असं जड की किटलीतून चुन्याचे पापुद्रे निघतात. त्यामुळे पाणी तापताना बॉयलर आतून कण्हायचा. मला त्याची सवय होती. वेलिझारही कण्हायचा, आणि त्याचा उपयोग बॉयलरपेक्षा कमी होता.

अंघोळीला शिरण्याआधी बोळातलं बटण बंद करायचं, हे आमच्याकडे पोराला धड बोलता येण्याआधी शिकवतात. प्रत्येक घरात कोणीतरी एक मामा नाहीतर चुलता असतो, जो बटण बंद न करता टबात शिरला आणि शॉक बसून तिथेच आटोपला. त्या मामाचं नाव विचारा, कुणाला आठवत नाही. पण बटण सगळे बंद करतात. डॉक्टरसुद्धा, आणि विजेच्या कचेरीतला साहेबसुद्धा.

तर सप्टेंबरात, मिरच्या भाजून आयवारची चटणी बरण्यांत भरली त्याच आठवड्यात, बॉयलर गळायला लागला. फ्यूज उडायचा. नळाला हात लावला की बोटांना मुंग्या यायच्या. मी चेदाला बोलावलं.

चेदा आमच्या भागातला बॉयलरचा मिस्त्री. मिस्त्री घरी आला की आधी कॉफी, मग राकिया दारूचा छोटा पेला, मग हवा, मग सरकार, आणि मग कुठे तो वर बघतो. चेदानं वर बघितलं, खालचं झाकण काढलं आणि या गावातला प्रत्येक मिस्त्री जे म्हणतो तेच म्हणाला.

"अरेरे. हे कोणी करून ठेवलंय तुमच्याकडे?"

"तू," मी म्हटलं.

"मी?"

"गेल्या खेपेला कॉइल तूच बदललीस. तेव्हाही हेच विचारलं होतंस."

तो जरा गप्प झाला. लाज वाटली म्हणून नव्हे, पेला रिकामा होता म्हणून. मी भरला. मग म्हणाला, "तेव्हा माल तसलाच मिळायचा, पेर्सा मावशी."

"आणि आता?"

"आता त्याहून वाईट मिळतो. पण ऐका. दुरुस्त करता येईल. नवी कॉइल, नवा वायसर, आणि टाकीला खालून डाख लावतो. पण टाकी आतून सडलीय. एखादा हिवाळा काढेल, नाहीतर पहिल्या थंडीतच मान टाकेल. नवा घेतलात तर टाकीला दहा वर्षांची गॅरंटी. आणि नव्याला ते बटण बंद करणं वगैरे भानगड नाही. चालू ठेवून खुशाल अंघोळ करा."

"चालू ठेवून कोण अंघोळ करतं?"

"कुणी नाही," चेदा म्हणाला. "मीही करत नाही. पण कागदावर तसं आहे."

माझ्या पेन्शनीत बॉयलर बसत नाही. शिवाय एवढं मोठं काही घ्यायचं तर आमच्याकडे ते मुलाला विचारून घेतात, मग मुलगा कसाही असो. मी रविवारी सगळ्यांना जेवायला बोलावलं, कोबीच्या पानांतले सारमे केले, आणि विषय काढला.

आता माझी मंडळी. मुलगा स्लाविशा अठ्ठावन्न वर्षांचा आहे आणि लोकांना मोटार चालवायला शिकवतो. इतकी वर्षं शिकाऊ माणसांशेजारी बसून त्याच्या उजव्या पायाला खोड लागलीय, कुठेही काही अवघड झालं की पाय आपोआप जमिनीवर ब्रेक दाबतो. त्याची बायको बिसेर्का माझ्याशी इतकं गोड बोलते की मला घरी येऊन साखर तपासून घ्यावीशी वाटते. मुलगी रुझा व्हिएन्नात असते. तिला फोनच्या पडद्यावर आणून साखरेच्या डब्याला टेकवून ठेवली होती. रुझा तिथे म्हाताऱ्यांच्या आश्रमात कामाला आहे. रोज परक्या म्हाताऱ्यांना गरम पाण्यानं न्हाऊ घालते आणि त्यांची नखं कापते.

"मग दुरुस्तच करू," सगळं ऐकून स्लाविशा म्हणाला. "डाख लावला की तोवर चालेल."

"हो ना," बिसेर्का म्हणाली. "उगाच भिंत फोडा, टाइल्स फोडा. आईंना धुळीचा त्रास. तोवर चालेल की आरामात."

"इथेसुद्धा लगेच नवीन घेत नाहीत, आई," साखरेच्या डब्यापाशी रुझा म्हणाली. "तोवर चालव."

तिघांनीही तोच शब्द वापरला. तीन माणसं, दोन देश, आणि शब्द एक. मी सारम्याचा चमचा खाली ठेवला.

"तोवर म्हणजे केव्हापर्यंत?"

टेबलाखाली स्लाविशाचा पाय ब्रेकवर गेला. बिसेर्का म्हणाली, "आई, सारमे काय झालेत आज." रुझानं व्हिएन्नात कुणी हाक मारल्यासारखी मान वळवली.

"नाही, सांगा ना. काही यायचंय का? पूर यायचाय? रशियाचा गॅस यायचाय? तोवर म्हणजे केव्हावर?"

"आई, तू पण ना," स्लाविशा म्हणाला. "बोलायची पद्धत असते ती."

"नव्याला दहा वर्षांची गॅरंटी आहे."

"दहा वर्षांची गॅरंटी तुला काय करायचीय?" रुझा बोलून गेली, आणि मग तिनं जीभ चावली. फोनचा पडदा चांगला होता, जीभ चावलेली स्वच्छ दिसली.

मी ब्याऐंशी वर्षांची आहे. मिरच्यांचा वाफा मी स्वतः खणते. माझी आई सत्त्याण्णवाव्या वर्षी गेली, आणि तीही चेरीच्या झाडावरून पडून. मावशी त्याहून पुढे. आमच्याकडच्या बायका लवकर आवरत नाहीत. पण हे त्या टेबलावर कुणी मोजलं नाही.

"नळाला हात लावला की मुंग्या येतात मला," मी म्हटलं.

"तू बटण बंद करूनच जातेस ना आत?" स्लाविशा म्हणाला. "मग धोका कसला?"

"रुझा, तुझ्या गावाकडच्या घरात तीन न्हाणीघरं आहेत आणि तीन बॉयलर. एकाचंही प्लास्टिक काढलेलं नाही. त्यातला एक दे मला."

हे घर मी सांगते तुम्हाला. दोन मजले, संगमरवरी जिना, फाटकावर सिमेंटचे दोन सिंह. रुझा आणि तिचा नवरा ऑगस्टात पंधरा दिवस येतात. बाकी वर्षभर तिथे सिंह राहतात.

"आई, ते टाइल्सला मॅचिंग आहेत," रुझा म्हणाली.

मला वाईट वाटलं. राग आला, तो मला रोजच येतो, त्याचं काही नाही. पण हे वाईट वाटणं होतं. बॉयलर नको म्हणाले असते, पैसे नाहीत म्हणाले असते, तर मी दोन शिव्या घालून गप्प बसले असते. पण यांनी माझा हिशेब करून टाकला होता, माझ्याच टेबलावर, माझेच सारमे खाऊन.

चेदानं डाख लावला. कॉफी दोनदा प्याला. ऑक्टोबर सरायच्या आत टाकीचा खालचा भागच सुटला आणि गंजकं पाणी टबात आलं. तेव्हा स्लाविशानं तोडगा काढला की तोवर मी शनिवारी त्यांच्याकडे अंघोळीला यावं. पुन्हा तोवर.

मी भांड्यात पाणी तापवून कोनाकोपरे पुसत होतेच, पण ब्याऐंशीव्या वर्षी एका पायावर उभं राहून दुसरा पाय धुणं म्हणजे सर्कस. तेव्हा गेले. बिसेर्कानं दारातच मला पाहुण्यांच्या सपाता दिल्या. टॉवेल वेगळा, त्याला सुतळी बांधलेली, ओळखायला. "आई, ही मूठ उलटी फिरते हं. आई, टबाच्या कडेला हात नका टेकू, ती सैल आहे. आई, झालं का?" हे शेवटचं तर दारावर टकटक करून, दर थोड्या वेळानं. मला वाटलं दारापाशी खुर्ची टाकून बसलीय की काय. केस ओले घेऊन मी कोशाव्याच्या वाऱ्यातून घरी आले, आणि तो वारा तुम्हाला माहीत नसेल तर देवाचे आभार माना. आयुष्यभर मी लोकांना न्हाऊ घातलं. दोन पोरं, सासू, शेवटी शेवटी वेलिझार. आणि आता मला परक्या घरी सुतळीचा टॉवेल. मला माझ्या घरात, माझ्या टबात, कुणी दार न वाजवता गरम पाणी हवं होतं. एवढंच मागणं होतं माझं, आणि ते मोठं आहे असं मला अजूनही वाटत नाही.

मग नोव्हेंबरात पितरांचा शनिवार आला.

त्या दिवशी आम्ही सगळे कबरस्तानात जातो. उकडलेला गहू, वाइन, भाजलेली कोंबडी, पाव, थर्मासात कॉफी. मेणबत्ती लावायची, थोडी वाइन मातीवर ओतायची, वेलिझारसाठी एक सिगारेट पेटवून दगडाच्या कडेला ठेवायची, आणि मग तिथेच बसून जेवायचं. शेजारच्या कबरीवरून लोक वाट्या पाठवतात. जिवंतपणी जे एकमेकांशी बोलत नव्हते त्यांच्या बायका तिथे एकमेकींना लोणचं देतात.

आमच्या जुन्या दगडाची एक गोष्ट आहे. आमच्याकडे नवरा गेला की दगड जोडीचा करतात. बायको जिवंत असली तरी तिचं नाव, चेहरा, जन्माचं साल कोरून ठेवतात, आणि मरणाच्या सालाला जागा मोकळी सोडतात. शहाण्णव साली माझ्या दिरानं तो दगड करून घेतला. दगड कोरणारा फारच कामसू निघाला. पुढचं काम सोपं व्हावं म्हणून त्यानं माझ्या मरणाच्या सालातले पहिले दोन आकडे आधीच कोरून टाकले. एक आणि नऊ. मी तेव्हा पंचावन्नची होते. म्हणजे त्या मेल्यानं मला जास्तीत जास्त तीन वर्षं दिली होती. तेव्हापासून, बघा, सत्तावीस वर्षं मी त्या एकोणीससमोर बसून कोंबडी खातेय.

या वेळी दगडावर ताडपत्री होती. स्लाविशा हसत होता. बिसेर्कानं फोन वर धरला, त्यात रुझा.

"आई, डोळे मीट," स्लाविशा म्हणाला आणि ताडपत्री ओढली. "आता बघ."

काळा ग्रॅनाइट. इतका चकचकीत की त्यात मला माझा डोक्यावरचा रुमाल दिसला. वेलिझार कमरेपर्यंत कोरलेला, केसांसकट, आणि त्याच्यामागे त्याची मोटारसुद्धा, जी आयुष्यात कधी एका दमात चालू झाली नाही. शेजारी मी, स्लाविशाच्या लग्नातली, केस सेट केलेली. शेजारच्या कबरीवरची ल्युबिंका हातातली वाटी ठेवून आली आणि दगडावरून हात फिरवायला लागली.

"पोरगा असावा तर असा," ती म्हणाली. "कुठला दगड हा?"

"दक्षिण आफ्रिकेचा," स्लाविशा म्हणाला. "पन्नास वर्षांची गॅरंटी. ऊन, पाऊस, बर्फ, काही होत नाही त्याला."

"आम्ही दोन वर्षं साठवत होतो, आई," बिसेर्का म्हणाली. "अर्धा भार रुझानं उचलला. म्हटलं, आईंसाठी करायचं तर हात आखडता घ्यायचा नाही."

मी माझ्या नावाखाली बघितलं. एकोणीसशे एकेचाळीस, आडवी रेघ, आणि मग दोन, शून्य, दोन. त्यापुढे एका आकड्यापुरती जागा.

ल्युबिंका वाटी घ्यायला गेली तेवढ्यात मी विचारलं.

"हा दोन कशाला?"

"कुठला?"

"शेवटचा."

कबरीच्या चिखलात स्लाविशाचा पाय ब्रेकवर गेला. "आई, इथे येऊन कोरायचं तर दगडवाला प्रत्येक आकड्याचे वेगळे पैसे घेतो. कारखान्यात मशीनवर एकदम होतं. आणि मागच्यासारखं चुकायला नको, लोक हसतात त्या एकोणीसला, म्हणून आम्ही या वेळी नीट विचार करून..."

"विचार करून."

"म्हणजे, बोलून. तिघांनी."

"आणि तीस साल उजाडलं आणि मी इथेच बसून कोंबडी खात असले, तर?"

"तसं झालं तर आम्हाला आनंदच आहे, आई," बिसेर्का म्हणाली.

मी हाताच्या पाठीनं डोळे पुसले. वाटी घेऊन परतलेल्या ल्युबिंकाला वाटलं दगड बघून रडतेय, तिनं मला रुमाल दिला. पोटच्या पोरांनी एकत्र बसून, चर्चा करून, मला सहा वर्षं दिली होती. आणि सहा वर्षांच्या बाईला दहा वर्षांचा बॉयलर कोण घेईल? त्यांच्या हिशेबानं त्यांचं बरोबरच होतं. मी थंडीत भांड्यानं पाय धूत होते तेव्हा हे त्या मोटारीच्या चाकांची नक्षी पसंत करत होते.

"मेल्यावर पन्नास वर्षांची गॅरंटी," मी स्लाविशाला म्हटलं, "आणि जिवंतपणी डाख."

"ते वेगळं आणि हे वेगळं, आई."

"खरंय. ते लोकांना दिसतं."

मी वेलिझारच्या मातीवर वाइन ओतली, माझ्या वाट्याची कोंबडीची तंगडी खाल्ली आणि घरी आले.

माझ्या कपाटात खालच्या खणात एक बोचकं आहे. माझ्या वयाच्या प्रत्येक बाईकडे असतं, आणि मुलांना ते कुठे आहे हे दाखवून ठेवायचं असतं. गडद झगा, मोजे, बिनटाचेचे बूट, रुमाल, मला शेवटची अंघोळ घालतील तेव्हा पुसायला एक जाड पांढरा टॉवेल, आणि पिशवीत मरणाचे पैसे. पेटी, पाद्री, मेणबत्त्या, आणि आलेल्या सगळ्यांचं जेवण. या पैशाला कुणी हात लावत नाही. महागाईनं पगाराच्या नोटा सकाळच्या संध्याकाळी कागद व्हायच्या तेव्हा मी लावला नाही. बाँब पडत होते तेव्हा लावला नाही. बोचकं पलंगावर उघडलं आणि पैसे तीनदा मोजले, खोटं कशाला सांगू. मग मी चेदाला फोन केला.

"कुठला आणू?" चेदानं विचारलं.

"दहा वर्षांचा."

त्यानं जुनं पिंप उतरवलं आणि भिंतीतले हुक हलवून बघितले. "हे कोणी ठोकलेत?" त्यानं विचारलं.

"माझ्या नवऱ्यानं."

"पक्के आहेत. हेच वापरू."

मिस्त्रीनं दुसऱ्याच्या कामाला बरं म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं, तेही मेलेल्याच्या. मेल्यावर माणसाचं सगळंच पक्कं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी टब काठोकाठ भरला. गळ्यापर्यंत गरम पाणी. बॉयलर कण्हत नव्हता, कुणी दार वाजवत नव्हतं. मी पाणी गार होईपर्यंत बसले, मग थोडं आणखी गरम सोडलं आणि पुन्हा बसले. उठले तेव्हा अंग लालबुंद झालं होतं आणि मी एकटीच हसत होते. मग बोचक्यातला जाड टॉवेल घेतला, अंग पुसलं आणि केसांना गुंडाळला.

तेवढ्यात स्लाविशा आला. दिवसभर कोणा शिकाऊ मुलीबरोबर उघड्या खिडकीनं फिरला होता, तिला गाडी लागत होती म्हणे. ओठ निळे पडले होते. त्याची नजर माझ्या डोक्यावर गेली आणि तिथेच राहिली.

"आई, हा टॉवेल..."

"हो. तोच."

"तो तर त्याच्यासाठी... आणि पैसे?"

"न्हाणीघरात टांगलेत. बघून ये."

तो बघून आला आणि खुर्चीत बसला. "अगं, उद्या काही झालं तर आम्ही तुझं कशानं करायचं?"

"दगड आहे की. पन्नास वर्षांचा. बाकीचं तोवर बघा काहीतरी."

त्यानं मान खाली घातली. पन्नाशी उलटून गेलेला माझा पोरगा, कान लहानपणासारखे लाल. त्यानं हळूच विचारलं, "गॅरंटी किती वर्षांची?"

"दहा."

त्याचे ओठ हलायला लागले. बेरीज करत होता.

"मोजू नकोस," मी म्हटलं. "गारठलायस. पाणी आहे अजून. जा, अंघोळ कर."

त्यानं बूट काढले. मी त्याला चेदा म्हणाला होता ते सांगितलं, की नव्याला बटण बंद करावं लागत नाही, कागदावर तसं लिहिलंय.

"हो का," तो म्हणाला, आणि बोळात जाऊन बटण बंद केलं. आत गेला. मग बनियनवर पुन्हा बाहेर आला, बटण खरंच बंद आहे ना ते बोट लावून बघितलं, आणि मगच टबात शिरला. मी त्याच्यासाठी सूप तापायला ठेवलं.